दिवा हवा, पहारा नको

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत भांडण झालं. मतभेद वगैरे नाही, सरळ भांडण. चहा गार झाला, दोघीजणी न बोलता चपला घालून निघून गेल्या. विषय काय, तर एक वाट. कोल्हापूरच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत ओढ्याच्या काठानं जाणारी, जेमतेम दीड किलोमीटरची. मोटारी तिथं शिरत नाहीत. पायी चालणारे आणि सायकलवाले, दोघांत मिळून ती एकच वाट. सकाळी शाळेच्या मुली, दुपारी धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका, संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं. दिवस मावळला की अर्ध्या तासात वाट रिकामी होते. रिकामी म्हणजे बायकांच्या दृष्टीनं रिकामी. पुरुष असतातच.

या वाटेवर रात्रीचे दिवे लावून घ्यावेत का, एवढाच प्रश्न होता. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. अर्ज लिहू, सह्या गोळा करू, देऊन येऊ. दोन तास झाले तरी पहिली ओळ लिहून झाली नव्हती. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचे आक्षेप होते, कचेरीतून ऐकून आलेले होते, पर्यावरणवाल्या मित्रांचे होते, आणि सगळ्यांत टोकदार आक्षेप आपल्याच मैत्रिणींचे होते.

या लेखात मी त्या सगळ्यांशी वाद घालणार आहे. माझी बाजू आधीच सांगून टाकते: दिवे हवेत. पण ते कशासाठी हवेत हे आपणच चुकीचं सांगितलं, तर दिवे मिळूनही आपण हरू.

रात्री तिथं असतं कोण?

अर्जाची चौकशी करायला गेलो तेव्हा एका साहेबांनी शांतपणे विचारलं, "पण बाई, रात्री त्या वाटेनं जातं कोण?" विहीर खणण्याआधी 'इथं पाणी भरायला कोण येतं' असं विचारावं, तसला हा प्रश्न. अंधार आहे म्हणून बायका जात नाहीत, आणि बायका जात नाहीत म्हणून दिव्याची गरज नाही. हे गणित मांडणाऱ्याला ते सुटलं आहे असंच वाटत असतं.

खरं तर बायका रात्री बाहेर असतात. शहाण्यासुरत्या माणसांना त्या दिसत नाहीत, एवढंच. ऊसतोडीच्या हंगामात बाई पहाटेच्या अंधारात फडात असते. गाडी रात्री आली तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी पाजायला नवऱ्याबरोबर तीही सरीत उभी असते. २०२२ च्या फेब्रुवारीत शेतीला दिवसा दहा तास वीज द्या म्हणून याच कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकऱ्यांनी ठिय्या दिला. मागणी योग्यच होती. अंधारात साप असतो, विजेचा धक्का असतो, गवा असतो, हे सगळ्यांना पटलं. शेतकऱ्याला कुणी म्हणालं नाही की तू रात्री शेतात जातोसच कशाला. तोच अंधार बाईच्या वाट्याला आला की मात्र पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो.

दवाखान्यातल्या आया आणि नर्सा रात्रपाळी करतात, लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणाऱ्या बायका बाराला सुटतात, मंडईत भाजी घेऊन येणाऱ्या पहाटे निघतात. आणि आता कारखान्याच्याही आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमानं बाईला संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. त्या बंदीला संरक्षण म्हणत. त्या संरक्षणापायी रात्रपाळीचा जादा पगार, जादा कौशल्याची कामं आणि कायम होण्याची संधी पुरुषांकडं गेली. मद्रास उच्च न्यायालयानं २००० साली हे कलम घटनेच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवलं. महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं बायकांना कारखान्यात रात्रपाळीची मोकळीक दिली; सुरक्षिततेच्या आणि ने-आण करण्याच्या अटी घातल्या.

चांगलंच झालं. पण कारखान्याची गाडी बाईला कुठं सोडते? मोठ्या रस्त्यावर. तिथून पुढचा दीड किलोमीटर कुणाचा? तो मालकाचा नाही, कारखाना निरीक्षकाचा नाही. तो नवऱ्याच्या किंवा भावाच्या मोटारसायकलीचा. तो न्यायला येणार असेल तर तिनं दुसरी शिफ्ट घ्यायची, नाही तर नाही. म्हणजे कायद्यानं उघडलेलं दार वाटेवरच्या अंधारानं पुन्हा लावून घेतलं, आणि किल्ली होती त्याच माणसाच्या खिशात परत गेली.

मैत्रिणींनो, दिव्याचा प्रश्न पगाराचा प्रश्न आहे, तो असा.

"दिवे लावले की पोरी बाहेर पडतील"

आमच्या वस्तीतले एक आजोबा हे अगदी कळवळून म्हणाले. मी म्हटलं, होय आजोबा, त्यासाठीच लावायचे आहेत.

कोल्हापूरच्या पुरुषाला रात्र कशी असते ती बघा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून घ्यायची, पेला तोंडाला लावायचा, मिशी पुसायची आणि गप्पा हाणत उभं राहायचं. पानाची टपरी, तालमीची पायरी, मंडळाचा चौक, मॅच जिंकल्यावरची मिरवणूक. त्याला कुणी विचारत नाही की काम काय होतं. रात्री बाहेर असायला पुरुषाला कारण लागत नाही, बाईला दाखला लागतो. दवाखान्याची चिठ्ठी, कारखान्याचं ओळखपत्र, कडेवरचं मूल, यांतलं काहीतरी हातात असलं म्हणजे ती 'चांगली'. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या अभ्यासावरून एक पुस्तक लिहिलं, त्यात हाच मुद्दा लावून धरला आहे: बाईला शहरात कारणाशिवाय रेंगाळता आलं पाहिजे, तेव्हाच शहर तिचं झालं. मी आधी पगाराची गोष्ट सांगितली, कारण ती पटकन पटते. पण माझ्या मनात फक्त पगार नाही. पंधरा वर्षांच्या मुलीनं आठ वाजता उगाच सायकलवरून एक चक्कर मारून यावं, हेही माझ्या मागणीत आहे. ते मी अर्जाच्या शेवटच्या ओळीत लपवणार नाही.

आणि धर्म-परंपरेचं म्हणाल, तर नवरात्रात अष्टमीच्या रात्री आपली अंबाबाई स्वतः नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते. तिच्या वाटेवर रांगोळ्या घालतात, रोषणाई करतात, सगळं गाव रस्त्यावर असतं, त्यात बायका असतात. देवीनं रात्री निघावं म्हणून शहर उजळतं. तिच्या लेकींनी निघावं म्हणून चार खांब उभे करायचे म्हटले की मर्यादा आठवते.

उजेडात काय घडत नाही?

आता आपल्या मैत्रिणींच्या आक्षेपाकडं येते. बैठकीतून उठून गेलेल्या दोघींपैकी एकीचं म्हणणं असं: "बायकांवरचे अत्याचार अंधारामुळं होतात असं आपणच म्हणायला लागलो तर चळवळीनं पन्नास वर्षं काय शिकवलं?" हे म्हणणं सोपं नाही, आणि त्याला टोलवून चालणार नाही.

तिचं बरोबर आहे. १९७२ साली मथुरेवर अत्याचार झाला तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात. निकालपत्रातली तिची हकीकत ज्यांनी वाचली आहे त्यांना आठवेल की तिथं उजेडही होता. टॉर्चचा होता, आणि तो टॉर्च पोलिसाच्या हातात होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आरोपींना सोडलं, आणि त्याविरुद्ध आपली चळवळ रस्त्यावर आली. मुंबईच्या शक्ती मिलमध्ये २०१३ च्या ऑगस्टमध्ये घडलं ते संध्याकाळी, मध्यरात्री नव्हे. सरकारी आकडे दरवर्षी तेच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. बाईला सर्वांत जास्त भीती जिथं असायला हवी, तिथं ट्यूबलाइट लावलेली असते.

संशोधनही दिव्याची सरसकट बाजू घेत नाही. फॅरिंग्टन आणि वेल्श या अभ्यासकांनी ब्रिटन-अमेरिकेतले अनेक प्रयोग एकत्र तपासले. जिथं दिवे सुधारले तिथं गुन्हे सुमारे एक-पंचमांशानं कमी झाले, पण गंमत अशी की दिवसाचे गुन्हेही कमी झाले. दिवसा तर दिवा जळत नाही! त्यांचा निष्कर्ष असा की, खांब उभा राहिला म्हणजे या जागेकडं कुणाचं तरी लक्ष आहे हे लोकांना कळतं, लोक बाहेर पडतात, जागा आपली मानतात. काम होतं ते त्यानं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी दिव्यांचे मनोरे उभे केले. तिथं रात्रीचे बाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे एक-तृतीयांशानं घटले. उलट इंग्लंड-वेल्समध्ये ६२ नगरपालिकांनी दिवे कमी किंवा बंद केले होते, त्याचा अभ्यास २०१५ साली आला. गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही.

हा शेवटचा अभ्यास विरोधक हटकून तोंडावर फेकतात. त्यांना मी एकच विचारते. गुन्हे मोजलेत, अपघात मोजलेत. घरी बसलेल्या बायका कुणी मोजल्या? जी बाहेर पडलीच नाही तिच्यावर वाटेत गुन्हा कसा घडणार? ज्या वाटेवर एकही बाई नाही ती वाट कागदावर सगळ्यांत सुरक्षित असते. तसली सुरक्षितता आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळतच आली आहे.

म्हणून दिव्यानं बलात्कार थांबतो असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. तसं म्हटलं की उद्या दिव्याखाली काही घडलं तर लोक म्हणतील, आता तर उजेडही दिला होता. दिवा हे अत्याचारावरचं औषध नाही. दिवा ही वाट वापरण्याची सोय आहे, जशी शाळेला फळा ही सोय आहे. सोय मागताना आपल्या अब्रूचा हवाला देण्याची गरज नाही.

घरातून निघायची वाट

पण "अत्याचार घरात होतो, मग रस्त्यावर दिवे कशाला" या युक्तिवादाला माझं खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते पुस्तकातलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या केंद्रावर एक बाई आली. कडेवर तापानं फणफणलेलं पोर. नवऱ्यानं रात्री साडेदहाला मारून दाराबाहेर काढलं होतं. बहीण वाटेच्या पलीकडच्या टोकाला राहते, वीस मिनिटांचं अंतर. ही शेजारच्या गोठ्याच्या वळचणीला रात्रभर बसून राहिली. मी विचारलं, बहिणीकडं का नाही गेलीस? म्हणाली, "नवऱ्याचं भ्या हुतंच ताई, पर वाटंचं त्याहून जास्त."

२००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला. बाईला राहत्या घराचा हक्क मिळाला, संरक्षण अधिकारी मिळाले, कागदावर बरंच मिळालं. पण मार रात्री पडतो आणि कचेरी सकाळी उघडते. मधले दहा तास बाईजवळ एकच साधन असतं: तिचे पाय. ते पाय जिथं टाकायचे ती वाट काळीकुट्ट असेल तर घरातली हिंसा आणि बाहेरचा अंधार एकमेकांना धरून असतात. नवऱ्याला ते ठाऊक असतं. "जा, कुठं जातीस ते बघतो," हे तो अंधाराच्या जोरावरच म्हणतो.

तेव्हा घर की रस्ता असा हा वाद नाही. घरातली हिंसा सोसायची नसेल तर घराबाहेर पडता आलं पाहिजे, रात्रीचंसुद्धा.

बायकांना विचारून लावा

इथं मला आपल्याच बाजूच्या एका आंधळेपणाबद्दल बोलायचं आहे. माझ्या आजोळी, राधानगरीकडं, लहानपणी संध्याकाळी बायकांबरोबर मीही जायची. रस्त्याच्या कडेला बसायचं, एसटीचा झोत दिसला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, गाडी गेली की पुन्हा बसायचं. त्या बायकांना अंधार हवा होता. दिवसभर त्या अंधाराची वाट बघत, पोट आवळून. त्यांच्या त्या जागेवर कुणी सुधारकानं न विचारता दिवा लावला असता तर त्यांनी त्याला शिव्याच घातल्या असत्या.

म्हणून 'बायकांसाठी दिवा' असं म्हणून एखाद्या कंत्राटदारानं कुठंही खांब रोवावेत, असं मी म्हणत नाही. आधी संडास, मग दिवा, की दोन्ही बरोबर. कुठल्या वळणावर, किती उंचीवर, हे ठरवताना त्या वाटेनं चालणाऱ्या बायका हव्यात. कॅनडातल्या टोरोंटोत १९८९ साली बायकांनी यासाठी एक साधी पद्धत बसवली: आठ-दहा जणींनी रात्री वाटेनं चालायचं, कुठं दिसत नाही, कुठं हाक ऐकू जाणार नाही, कुठं पळायला जागा नाही, ते लिहून काढायचं. दिल्लीत 'जागोरी'नं ती आपल्याकडं रुजवली. तिला ना तज्ज्ञ लागतो ना निधी, वही लागते.

वटवाघळं, काजवे आणि आपण

निसर्गप्रेमी मित्रांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ओढ्याकाठी झाडं आहेत, पक्षी झोपतात, वटवाघळं फिरतात, पावसाच्या तोंडाला काजवे चमकतात. रात्रभर पांढराफटक झोत ओतला तर त्यांची रात्र संपते. पाण्याकाठी सोयीच्या नावाखाली काय चालतं तेही आपण पाहिलं आहे. मुंबईत पवई तलावाच्या काठावर सायकल आणि जॉगिंगसाठी ट्रॅक घातला जात होता. ६ मे २०२२ ला उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला आणि काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. पाणथळ जागेत भराव टाकून केलेली वाट आपल्यालाही नको.

पण दिवा म्हणजे स्टेडियमचा झोत नव्हे. नेदरलँड्समध्ये न्यूकोप या गावाजवळच्या रस्त्यावर २०१८ साली वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून तांबड्या रंगाचे दिवे लावले. माणसांना वाट दिसते, वटवाघळांचं चालू राहतं. इतकं दूर जायला नको. खाली तोंड असलेला, झाकण घातलेला, पिवळसर, बुटक्या खांबावरचा दिवा आपल्याकडंही मिळतो. मध्यरात्रीनंतर तो मंद करावा, विझवू नये. उलट फार प्रखर दिव्यानं बायकांचाही तोटाच होतो: झोताखाली आपण सगळ्यांना दिसतो आणि झोतापलीकडचा माणूस आपल्याला दिसत नाही. आपल्याला हवा तो उजेड असा, की समोरून येणाऱ्याचा चेहरा दहा-बारा पावलांवरून ओळखता यावा, आणि दोन खांबांच्या मध्ये काळोखाची खोली तयार होऊ नये.

मित्रांना माझी एकच विनंती आहे. काजव्यांची बाजू मांडताना ती बायकांच्या विरुद्ध मांडू नका. महामार्गावरच्या जाहिरातींचे फलक रात्रभर जळतात, मंगल कार्यालयांच्या माळा जळतात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या कमानी जळतात. तिथं काजव्यांची आठवण होत नाही. ती नेमकी बाईच्या वाटेवर होते, हे तपासून पाहा.

पहारा नको

दिवा मागितला की त्याच्याबरोबर न मागता काय काय येतं, ते मला ठाऊक आहे. कॅमेरा येतो. मग कॅमेऱ्यात कोण कुणाबरोबर दिसली याची चर्चा येते. मग वस्तीतले चार तरुण दंडुके घेऊन 'आमच्या आयाबहिणींच्या रक्षणासाठी' उभे राहतात आणि पहिल्यांदा कुणाला हटकतात? परजातीच्या, परधर्माच्या मुलाबरोबर सायकल हातात धरून चालणाऱ्या आपल्याच मुलीला. शेवटी फलक लागतो: महिलांनी नऊनंतर या मार्गाचा वापर टाळावा.

हे भय काल्पनिक नाही. १९७७ साली इंग्लंडमध्ये एक खुनी बायकांना मारत सुटला होता, तेव्हा पोलिसांनी बायकांना रात्री घरात राहायला सांगितलं. लीड्सच्या बायका १२ नोव्हेंबरच्या रात्री उलट रस्त्यावर उतरल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, त्रास देतो पुरुष, मग संचारबंदी आम्हाला का? सत्तेचाळीस वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरच्या डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला. १४ ऑगस्टच्या रात्री बंगालभर बायकांनी रस्ते ताब्यात घेतले. आणि सरकारची उपाययोजना काय? शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नये! सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये खडसावलं तेव्हा ते मागं घेतलं गेलं. बाईला रात्रीतून काढून टाकणं हाच अजून यांचा पहिला उपाय आहे.

याउलट आपल्या गावाचा एक दाखला देते. २०१५ च्या १६ फेब्रुवारीला, सकाळी फिरून घरी परतताना, गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. भर उजेडात, राहत्या घराजवळ. तेव्हा कोल्हापूरकरांनी काय केलं? 'ज्येष्ठांनी सकाळी फिरायला जाऊ नये' असा फलक लावला का? नाही. निर्भय मॉर्निंग वॉक सुरू केला. पुरुष, बायका, म्हातारे, पोरं, एकत्र चालले. ज्या रस्त्यावर भीती पेरली होती तो रस्ता चालून परत घेतला. हे शहाणपण या शहराकडं आहे. ते फक्त सकाळपुरतं का ठेवायचं?

मग मागायचं काय?

याचना करायची नाही, हे आधी ठरवू. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्त्यावरची दिवाबत्ती स्पष्ट लिहिली आहे. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात सार्वजनिक रस्त्यांवरचे दिवे हे पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत आहेत, मर्जीच्या नाही. त्याच घटनादुरुस्तीनं आपल्याला सभागृहात तिसरा हिस्सा दिला, २०११ पासून महाराष्ट्रात तो निम्मा झाला. निम्म्या जागा आपल्या आहेत तर निम्मी रात्र का नाही?

आमच्या अर्जात आता सात ओळी आहेत. वाट पूर्ण लांबीची उजळावी, अर्धी नको. दिवे खाली तोंडाचे, पिवळसर, पहाटेपर्यंत चालणारे. प्रत्येक खांबावर क्रमांक आणि बिघाड कळवायचा फोन, आणि बिघाड किती दिवसांत दुरुस्त होणार ते लिहिलेलं. दोन्ही टोकांना बायकांचे संडास, रात्री उघडे. मोठ्या रस्त्याच्या टोकाला चहा-भाजीच्या गाड्यांना परवाना, त्यांतल्या निम्म्या बायकांच्या नावे. कारण माणसांची जाग ही दिव्याहून मोठी सोबत. कॅमेरे बसवायचे तर वस्तीतल्या बायकांच्या सभेत विचारून, नाही म्हटलं तर नाही. आणि शेवटची ओळ: ही वाट कुणालाही, कुठल्याही वेळी, कारण न सांगता वापरता येईल.

सातव्या ओळीवर बैठकीत पुन्हा वाद झाला. एक जण म्हणाली, ती ओळ काढली तर सह्या जास्त मिळतील. मिळतील. पण ती ओळ काढली की बाकीच्या सहा ओळी 'बिचाऱ्या बायकांची सोय' होतात. आम्ही ती ठेवली. मतदान घेतलं, अकरा विरुद्ध चार. उठून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली आणि तिनं बाजूनं हात वर केला. दुसरी अजून रुसून आहे, तिला मी हा लेख नेऊन देणार आहे.

आमच्यातली एक मावशी, साठी उलटलेली, पंचवीस वर्षं त्या वाटेनं सायकलवरून दूध घालते, पहाटे चारला निघते. सगळी चर्चा ऐकून म्हणाली, "मी तर रोज जातो की. मला कुणी इचारलंच न्हाई." खरंच विचारलं नव्हतं. आता विचारलं आहे. तिनं तीन वळणं सांगितली, जिथं चाक खड्ड्यात जातं आणि जिथं समोरचा माणूस अंगावर येईपर्यंत दिसत नाही. आमच्या नकाशातले पहिले तीन खांब तिनं लावले.

येत्या अमावस्येला रात्री नऊ वाजता आम्ही ती वाट चालणार आहोत. तुमच्या गावातही अशी एक वाट असेलच. शेताकडची, कॉलेजमागची, स्टँडपासून घरापर्यंतची. त्याच रात्री तुम्हीही चाला. लेकीला न्या, सासूला न्या, सायकल येत असेल तर सायकल काढा. कंदील, बॅटरी, जे असेल ते हातात घ्या. आणि वही-पेन्सिल विसरू नका.